करवंटी, सहा मडमा आणि कोपरीच्या बायका

मिठागरावर एक गंमत असते. सकाळी वाफ्यात बघावं तर नुसतं पाणी. दुपारी बघावं तरी पाणीच. आणि संध्याकाळी सहज फळी फिरवली की तळातून पांढरंशुभ्र ढिगानं वर येतं! आमच्या टोळीचे किस्सेही असेच. जमत होते तेव्हा कुणाला कळलं नाय, आता मी नुसती फळी फिरवते.

मी यमी. कोपरीची. तीन यत्ता शिकलेय, त्यातली दुसरी दोनदा. त्यामुळे कुणी अडाणी म्हटलं की मी सांगते, "बाई, मी चार वर्षं शाळेत होते!"

आमच्या तरुणपणी राणीचं राज्य होतं. ठाण्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत एक मिस आली, मॅगी नावाची. देश कुठला, तर कॅनडा. विलायतेला पोचून पुन्हा तेवढंच पाणी ओलांडायचं, मग लागतो म्हणे. एकदा भल्या सकाळी ती फिरत फिरत आमच्या मिठागरावर आली. पाणी आटून वाफे सगळे पांढरे पडलेले, वरून कोवळं ऊन. मिस बांधावर उभी राहिली आणि ढसाढसा रडायला लागली.

टोळीतली काशी माझ्या कानात बोलली, "हिला काय इंचू चावला?"

मिस बोलली, "हे माझं गाव! थंडीत आमची नदी गोठून अशीच होते. आम्ही मुली पायाला लोखंडाची पाती बांधतो, हातात काठ्या घेतो आणि नदीवर खेळतो!"

आणि बुटासकट धावली की वाफ्यात! चौथ्या पावलाला मिस आडवी. झगा वर, बूट आभाळात.

मी बांधावरून विचारलं, "मिस, तुमच्या गावाला पण असंच खेळतात का?"

*

त्या दिवसापासून मिसला ध्यास लागला. मीठ काढून वाफा मोकळा झाला की खाली उरते ती चिकणमाती. हंगामाच्या आधी आम्हीच ती ओळीनं उभं राहून पायांनी मळलेली असते, ताटासारखी गुळगुळीत. वर बोटभर खारं पाणी. त्यावर पाती कशाला हवीत? नुसतं उभं राहिलं तरी माणूस घसरतो!

मुकादमाला मिसनं पटवलं. काठ्या म्हणजे मीठ ओढायच्या मोडक्या फळ्या. गोल म्हणजे दोन उपड्या टोपल्या. चेंडू मात्र चिखलात रुतायचा. मिस बोलली, "आमच्याकडे चपटी चकती असते." मी घरी गेले, माझ्या आयसनं खोबरं खवून टाकलेली करवंटी आणली आणि उपडी सोडली. अशी पळाली, अशी पळाली, की थेट खाडीत!

मिसनं मला मिठीच मारली. खेळाला नाव काय ठेवायचं विचारलं तर काशी बोलली, "नाव कनाला पायजे? खेळ ना!"

*

आता हिराचं सांगते.

हिरा माझी शेजारीण. टोळीत सगळ्यांत चपळ. पण तिची सासू धर्मीकाकी! आमच्यात डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ओल्या बांधावरून चालतात. जी पडली तिचं मीठ गेलं, आणि वर वर्षभर सगळ्या आगरात तिच्या नावानं हसायचं, अशी रीतच. धर्मीकाकीनं चाळीस वर्षं मीठ वाहिलं, एकदाही पडली नाय. नवरात्रात देवीला गेली तरी ओळख सांगायची ती अशी, "मी कोपरीची धर्मी. चालीस वर्सांत पाठ टेकली नाय."

हिरा खेळायला जाते कळल्यावर काकी दारात उभी राहिली.

"जा. खेल. पन आमच्या घरची बाई पडत नाय. ज्या दिवशी पाठीला माती लागंल, त्या दिवशी गाठोडं बांधायचं आणि माहेरची वाट धरायची."

बोलली म्हणजे बोलली. आणि हिराचं माहेर कसलं? आईबाप गेलेले, भाऊ भावजयीच्या मुठीत. त्या दारात हिराला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. पण खेळ सोडवेना. म्हणून तिनं स्वतःच गोल राखायला घेतला. पाय रोवून खांबासारखी उभी! मिस बोंबलायची, "हिरा, झेप घे! पड!"

हिरा बोलायची, "करवंटी पायाशी येऊ दे मिस, मी नाय पडायची."

आणि रोज घरी गेली की काकी दारातच तिला पाठमोरी उभी करून हात फिरवून बघायची. जकात नाक्यावर पण एवढी तपासणी नसायची!

*

पहिली म्याच ठरली कल्याणच्या मडमांशी. तिथं रेल्वेच्या बंगल्यांत ढीगभर मडमा. सहा जणी आल्या. दोन विलायतेच्या, दोन आयर्लंडच्या, एक जर्मन डॉक्टरीण आणि एक स्कॉटलंडची, ती तर दरवाजाएवढी! म्हणजे एकीकडे चार देश, दुसरीकडे कोपरी.

शिट्टी वाजली. करवंटी काशीला मिळाली. आणि काशीनं काय केलं? जन्मभर जे केलं तेच! आम्ही फळी पुढं टाकतो आणि मीठ आपल्याकडं ओढतो, मागं मागं चालत. पुढं ढकलणं हाताला ठाऊकच नाय. काशीनं करवंटी ओढली, ओढली, आणि सरळ आमच्याच टोपल्यांमधून आत!

मग मी ओढली. मग पारूनं. सहा गोल आम्हीच आमच्यावर केले! मडमा नुसत्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आणि काशी खूश, "यमे, बग! आपलीच रास मोठी!"

मिस डोकं धरून बांधावर बसली.

तेव्हा गोलातून हिरा बोलली, "मिस, यांचे हात नाय बदलायचे. यांची तोंडं बदला."

दुसऱ्या डावात आम्ही सगळ्या उलट्या उभ्या राहिलो. तोंड आपल्या गोलाकडं, पाठ मडमांकडं! आणि ओढत ओढत मागं निघालो. समोरून पाच पाठी चालून येताहेत म्हटल्यावर मडमांना कळेना, अडवायचं कुणाला! स्कॉटलंडची तर "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" करत बाजूला झाली. गोल!

म्याच हरलो, पण रीत सापडली.

आणि हो, मडमांचे झगे खाऱ्या पाण्यात भिजलेले. उन्हात वाळल्यावर मीठ धरलं. बदलून बांधावर ठेवले तर सहाच्या सहा झगे आपल्या आपण उभे! मुकादम लांबून रामराम करून गेला त्यांना.

*

आता त्याच दिवशीची माझी एक खोडी.

मडमांना आमच्या रीतीभाती जाणून घ्यायची भारी हौस. जर्मन डॉक्टरणीनं विचारलं, "खेळाआधी तुमचा काही विधी असतो का?"

आता असं कुणी विचारलं तर नाय म्हणणं पाप! मी तोंड गंभीर केलं. "असतो ना. करवंटीची परवानगी घ्यावी लागते. तीनदा वाकायचं, कानाला हात लावायचा आणि बोलायचं, 'करवंटीबाई, माझे दात सांभाळ.'"

सहाही मडमा ओळीनं वाकल्या. कान धरले. पाठ केल्यासारखं बोलल्या. आमच्या पोरी पदरात तोंड खुपसून लालबुंद!

मग करवंटी उडाली ती नेमकी माझ्याच तोंडावर. हा पुढचा अर्धा दात तेव्हाचा.

पारू बोलली, "तू वाकली नवतीस ना? मग!"

त्या दिवसापासून मी पण वाकते. काय सांगावं!

*

एकदा मात्र माझी खोडी अंगाशी आली. माझ्या नाय, हिराच्या.

सराव संपवून घरी निघालेलो. हिराची पाठ कोरी करकरीत. मला राहवेना. मी चिखलाचा हात हळूच तिच्या पाठीवर उमटवला. वाटलं, दारात काय तमाशा होतो बघू!

काकीनं हिराला पाठमोरी केली. हात थांबला. हिराला काय झालं कळेना, पण काकीचा थांबलेला हात कळला. ती सरळ आत गेली आणि कोपऱ्यातलं गाठोडं काढलं. ते बांधूनच ठेवलेलं होतं हो! कधीपासून, देव जाणे.

माझं हसू तिथंच मेलं.

काकी बोलली, "ठेव ते. पडल्याची माती पसरते. ह्या मातीला पाच बोटं हायेत. आन अंगठा वाकडा." मग माझ्याकडं वळली, "यमे, दाखव तुझा अंगठा!"

आठ दिवस मी त्या घरची भांडी घासली. नवव्या दिवशी काकी बोलली, "उद्या पन ये. तुझ्या हाताला आता वळन लागलाय."

*

परतीची म्याच कल्याणला. ठाणे स्टेशनात आम्ही सहा बायका फळ्या खांद्यावर टाकून उभ्या. पोलीस शिपाई आला. "काय गं, कुठं निघालात?"

सरळ सांगायचं तर मी यमी कसली? "दादा, कल्याणच्या साहेबांच्या बायकांशी भांडण हाये. संध्याकाळपर्यंत मिटवून येतो."

फळ्या जप्त! मिसनं येऊन लाख समजावलं, पण शिपाई बोलला, "मिससाहेब, तुम्ही साध्या आहात, तुम्हाला ह्या बायका माहीत नाहीत."

हे मात्र खरं होतं.

कल्याणला पोचलो रिकाम्या हातानं. शेवटी स्टेशन झाडणाऱ्या बायांकडून सहा खराटे मागून आणले. मैदान कोरडं ठणठणीत. खराट्यांनी जी धूळ उठली, जी धूळ उठली, की मिसला शिट्टी सापडेना! धूळ बसली तेव्हा करवंटी आमच्याकडं नाय, मडमांकडं नाय. कुणाची तरी बकरी ती चाटत उभी!

मिसनं निकाल दिला, बरोबरी. स्टेशनमास्तर मात्र खूश. बोलला, "इतकं स्वच्छ आवार मी आल्यापासून बघितलं नव्हतं."

*

मग शेवटची म्याच, पुन्हा कोपरीला. मिस त्या हंगामानंतर आपल्या देशाला परत जायची होती. वेळ ठरली ती अशी की खाडीची भरती बांधाला लागली, की खेळ संपला.

त्या दिवशी धर्मीकाकी पहिल्यांदा बघायला आली. बांधावर हाताची घडी घालून उभी. खेळ बघत नव्हती. फक्त हिराची पाठ बघत होती.

आम्ही उलट्या चालत तीन गोल केले. मडमांनी पण तीन. आता त्या शहाण्या झालेल्या, आमच्या मागं येऊन उभ्या राहायच्या. मग काशीनं आयत्या वेळी गिरकी घेतली आणि चौथा! भरती बांधापासून हातभर राहिलेली. बस, एवढं पाणी चढेपर्यंत टिकायचं.

तेवढ्यात ती दरवाजाएवढी सुटली! आम्ही दोघी तिघी तिच्या अंगावरून घरंगळलो. तिनं फळी उचलली आणि करवंटी अशी हाणली, की शीळ घातल्यासारखी डाव्या टोपलीच्या कडेला निघाली. उभं राहून पोचणं शक्यच नव्हतं.

हिरानं करवंटीकडं बघितलं. मग बांधाकडं बघितलं. एवढंच.

आणि पडली.

थाप्पकन! अख्खी पाठ मातीत. करवंटी तिच्या कोपराला लागून थांबली.

आम्ही सगळ्यांनी बांधाकडं बघितलं. टोळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं ना! मिसच्या तोंडात शिट्टी तशीच.

"हिरेऽऽ!"

काकी बांध उतरली. पदर खोचून, तरातरा. मिठागरात चाळीस वर्षं चाललेली बाई, पण आयुष्यात कधी त्या चिखलावर धावली नव्हती! पहिलं पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसरं मला दिसलंच नाय, कारण तोवर दोन्ही पाय वर होते. काकी पाठीवर आडवी, आणि तशीच घसरत निघाली! स्कॉटलंडची दुसऱ्यांदा फळी मारायला आलेली, तिला पायातून उडवलं आणि हिराच्या शेजारी जाऊन थांबली. करवंटी काकीच्या खाली.

भरतीचं पाणी बांधाला लागलं. मिसनं शिट्टी वाजवली. आम्ही जिंकलो.

पण हसायची कुणाची छाती! मी अख्खा पदर तोंडात कोंबलेला. काकी उठून बसली. मागं हात नेऊन स्वतःची पाठ चाचपली. हात पुढं आणून माती बघितली.

हिरा मान खाली घालून हळूच बोलली, "आई, गाठोडं बांधू?"

काकीनं आमच्या सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. मग खाडीकडं बघितलं.

"बांध की. दोघींचं बांध. पन माझं माहेर पडलं खाडीपल्याड, आन भरतीची होडी तर गेली. आता कोन जातंय येवढ्या लांब?" आणि हिराकडं पाठ करून बसली. "बगतेस काय? चोळ लवकर, माती सुकली की निघत नाय!"