दूध उतू जाईना

भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी काही मानत नाही, हे आधीच सांगते. माझं माहेर हिंगोलीकडचं. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. ग्रुपवर सगळे इतकं मोकळं लिहितात म्हणून मीही धीर केला.

लग्न होऊन नाशिकला आले. यांची अंबडला कंपनीत नोकरी. अकरा वर्षं भाड्याच्या एका खोलीत काढली आणि मागच्या वर्षी जुन्या सिडकोत स्वतःचं घर झालं. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. देवाने दिलं तेवढं पुष्कळ, रोज हात जोडते. घर जुनं, म्हणून राहायला जायच्या आधी काम काढलं. प्लास्टर, फरशी, नळ, वायरिंग.

आणि कामाच्या पहिल्याच दिवसापासून काकू सुरू झाल्या.

काकू म्हणजे आधीच्या मालकीणबाई. चाळीस वर्षं त्या घरात राहिल्या. मग विसरायला लागल्या, म्हणून मुलीने निफाडला आपल्याकडे नेलं. व्यवहारही मुलीनेच केला. काकूंना मी कधी पाहिलंही नव्हतं. पण शेजारच्या शिंदेवहिनी रोज दारात! "काकूंच्या वेळेस अंगण कसं लख्ख असायचं!" "काकूंच्या ओट्यात तोंड दिसायचं बघा!" चहा दिला तर म्हणे, "छान आहे हो... काकू आलं किसून नाही, ठेचून घालायच्या."

ओटा कडप्प्याचा, धडधाकट. शेगडीच्या बाजूला एका जागी हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला. हे म्हणाले, "अगं, चांगला आहे, पॉलिश करून घेऊ." मी म्हटलं, "फोडा." कारण सांगितलं नाही. दुसऱ्या बाईच्या हाताच्या जागेवर मला रोज हात टेकायचा नव्हता. मिस्त्रीचा पहिला घाव पडला तेव्हा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी वास्तुशांत केली. नवा ग्रॅनाइटचा ओटा, नवी शेगडी, नवं पातेलं. रिवाजाप्रमाणे दूध उतू घालायचं होतं. सात-आठ बायका भोवती. दूध वर आलं, काठाला लागलं... आणि गॅस बंद. बटन फिरलेलं. कुणीही हात लावला नव्हता. पुन्हा पेटवला. पुन्हा काठापर्यंत आलं, पुन्हा टक्! तिसऱ्यांदा मी बटनावरच नजर ठेवली. ते माझ्या डोळ्यांदेखत फिरलं.

शिंदेवहिनी म्हणाल्या, "काकूंनी या घरात दुधाचा थेंब सांडू दिला नाही हो कधी!" सगळ्या हसल्या. मी डोळे पुसले आणि होमाचा धूर लागला म्हणून सांगितलं.

त्यानंतर रोज तेच. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी, दूध तापवायच्या वेळेस, बरोबर काठाशी. चहाला नाही, वरणाला नाही, फक्त दुधाला. शेगडी बदलली तरी तेच. हे म्हणायचे, "बरंच की, फुकटची राखणदार मिळाली." मला हसू येईना. माझ्या घरात, माझ्या शेगडीवर दुसरीचा हात! मग हे घर माझं व्हायचं कधी?

शेवटी एके दिवशी यांना संध्याकाळचं दूध तापवायला सांगून मी एकटीच एसटीने निफाडला गेले. भांडायलाच, खरं तर. पेढ्यांचा पुडा आपला नावाला. मुलीचं घर द्राक्षबागेला लागून. पडवीत खाटेवर काकू बसलेल्या. एवढीशी बाई! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात उचलला, हवेत चिमटीत काहीतरी धरलं... आणि फिरवलं.

तिथूनच यांना फोन लावला. हे म्हणाले, "आत्ताच दूध वर आलं होतं, बंद झालं बघ."

मुलगी म्हणाली, "दीड महिना झाला, दिवसातून दोनदा असं करते. एका गुरुवारी सुरू झालं. त्या दिवशी तर लागोपाठ तीनदा."

भांडण बाजूलाच राहिलं. मी काकूंजवळ बसले. "काकू, तुमचा ओटा मी फोडला."

काकूंनी विचारलं, "दूध आलं का गं?"

"आलं. पण एकदा उतू जाऊ द्या ना. नव्या घराचं असतं."

"एकदाच हं. आणि लगेच पूस, नाहीतर करपून बसतं."

मुलगी दारातच थांबली. "मी रोज न्हाऊ घालते, भरवते, तर मला विचारते 'कोण गं बाई तू'. आणि तुमच्याशी..." तिच्या तोंडावर जे होतं ते मी चांगलं ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध भसाभसा उतू गेलं, ग्रॅनाइटवरून पार फरशीपर्यंत. मी रडले, हसले आणि लगेच पुसलं.

तेव्हापासून बटन एकदाही फिरलं नाही. गॅसवाल्याला विचारलं, यांच्या कंपनीतल्या इंजिनियरला विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. आता दुधापाशी मीच उभी असते, ओट्यावर हात टेकून.

पण परवा काकूंच्या मुलीचा फोन आला. मी सहज विचारलं, "काकूंचा हात थांबला असेल ना आता?"

"नाही हो ताई, रोज फिरतो. साडेसहा वाजले की फिरलाच."

आमच्याकडे तर काहीच होत नाही. मग कुणाच्या घरात? कुणाचं दूध सांभाळतात त्या? मला अजून कळलेलं नाही... पण जी कोण असेल ना ती, तिचा मला फार राग येतो.