फोटोतल्या पायऱ्या

आमच्या प्रवासाच्या वेबसाइटचं नवं पान मी कुणाला तरी वापरायला देते आणि त्यांचं कुठे अडतं ते पाहत शेजारी गप्प बसते. मदत करायची नाही, हा कामाचा नियम. काल शेजारच्या काकू बसल्या होत्या. डोंगरावरच्या देवळाचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मी वहीत लिहिलं, फोटो आवडला. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. काकू पायऱ्या मोजत होत्या.

“गुडघ्यांना विचारून जावं लागतं गं,” त्या म्हणाल्या.

घरातून निघण्याआधी माणूस असा मनातल्या मनात एकदा चढून येत असावा. आम्ही देवळाचा इतिहास दिला होता, पायऱ्यांचा आकडा नाही.

“एक्केचाळीस झाल्या. पुढच्या या बटणाखाली गेल्यात.”

ते बटण मीच तिथे बसवलं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘चला, निघूया’.