तिसरा वळसा

करसनकाका लहरीपुऱ्यातलं आपलं दुकान सोडून सहसा कुठे जात नाहीत. त्यामुळे भर दुपारी ते माझ्या चित्रकलेच्या वर्गाच्या दारात दिसले, भुवयांवर लाकडाचा भुसा तसाच, तेव्हाच मला उमगायला हवं होतं. "मास्तर, विनुभाई गया," एवढंच म्हणाले. चार दिवसांचा ताप... त्याला आता दीड महिना होईल. कापडावरच्या नक्षीसाठी बडोद्याबाहेरही नाव झालेला विनायक हा माझा लहानपणापासूनचा मित्र. लोक विचारतात, ही कला त्याच्या हातात आली कुठून? मला विचाराल तर दोन माणसांकडून, आणि त्यांतल्या एकाला ती द्यायची मुळीच इच्छा नव्हती.

ते म्हणजे विनूचे वडील, नाना. कचेरीत मोडी लिहिणाऱ्यांत त्यांचा हात पहिला. रोज सकाळी ते विनूला कित्ता गिरवायला बसवत, आणि शेजारी राहण्याचा गुन्हा केल्यामुळे मलाही. आधी पानावर आडवी रेघ ओढायची आणि मग शाई संपेपर्यंत बोरू उचलायचा नाही. माझी ओळ चार अक्षरांतच धापा टाकायची, विनूची मात्र सुखरूप घरी पोचायची. हा आपल्या जागी कचेरीत बसणार, हे नानांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि हा पठ्ठ्या गेला महाराजांनी काढलेल्या कलाशाळेत, कापडाची छपाई शिकायला. "आजवर घराण्यानं लेखणी धरली, हा रंगारी होणार," म्हणून नानांनी अबोला धरला. अबोलाही त्यांच्या तऱ्हेचा. विनू समोर बसलेला असताना ते त्याच्या आईला सांगत, "त्याला म्हणावं, आमटी गरम आहे तोवर जेव." विनूही आईलाच सांगे, "माई, नानांना म्हणावं, जेवतोय." मध्ये माई पळी घेऊन उभ्या. चार वर्षं हे चाललं. आम्ही हसायचो, विनूही हसायचा. पण एकदा तळ्याकाठी बसलो असताना तो म्हणाला, "सदू, माईला सांगून नको रे... नानांना थेट माझ्यावर रागावू देत. एकदाच."

दुसरे गुरू करसनकाका, छपाईचे लाकडी ठसे कोरणारे. विनूनं पहिल्यांदा त्यांच्यापुढे वेलीचा कागद उलगडला तो चांगला चार हात लांब. मोडीच्या सवयीनं वेल निघाली होती ती निघालीच होती. काका पोट धरून हसले. "भई, वेल तो सरस चाले छे, पण मळे छे क्यां?" ठसा असतो वीतभर. त्याच्या एका टोकाची वेल पुढच्या छापाच्या सुरुवातीला जाऊन मिळाली पाहिजे, नाहीतर सगळं कापड तुकड्यांचं. विनू मुकाट्यानं त्यांच्या भुशात जाऊन बसायला लागला आणि वेल काढायच्या आधी ती मिळणार कुठे हे बघायला शिकला.

पुढे कचेरीसाठी नव्या जाजमाचं काम विनूकडे आलं. घरी त्यानं कुणाला सांगितलं नाही. ओसरीवर बसून बोरूनं वेल काढली. कागद पाहून काकांनी तिसऱ्या वळशावर बोट ठेवलं. तिथे रेघ थरथरली होती. "बीबामां एक भूल, एटले जाजममां सो," ते म्हणाले. खरंच होतं, ठशातली एक चूक दर वितीला उमटणार. विनू म्हणाला, "रहेवा दो, काका. तशीच कोरा." का, ते मलाही सांगितलं नाही.

जाजम अंथरलं गेलं. नाना त्यावर आठ दिवस बसले. नवव्या दिवशी घरी आले, पगडीही न उतरवता विनूसमोर उभे राहिले. मी तिथेच होतो.

"तिसऱ्या वळशाला बोरू अडखळलाय. का?"

माईंची पळी हातातच राहिली. विनू उठून उभा राहिला. "तेव्हा तुम्ही मागून गेलात, नाना. वाटलं... बोलाल."

नाना पगडी काढून खुंटीला लावत म्हणाले, "उद्यापासून जे काढशील ते सकाळी दाखवत जा." झालं! त्यानंतर नानांच्या शिव्या खाल्ल्याशिवाय विनूची एकही नक्षी घराबाहेर पडली नाही. केस पांढरे व्हायला लागले तरी हा हात मागे बांधून बोलणी ऐकत उभा असायचा, आणि चेहऱ्यावर असं सुख की मला हेवा वाटे.

ते जाजम विरलं तेव्हा नानांनी कचेरीतून त्याचा एक तुकडा मागून आणला. अजून त्यांच्या पुढच्या खोलीत अंथरलेला असतो. परवा गेलो होतो. नाना भिंतीला टेकून बसले होते, मांडीशी दौत, बोरू कोरडा. मी बसायला वाकलो तर पायाखाली नेमका तिसरा वळसा. बाजूला सरकलो, तिथेही तोच. आणखी सरकलो...

नाना बघत होते. "कुठेही बस, सदू," ते म्हणाले. "सगळीकडे तोच आहे."

मग मी बसलो.