माझ्याच चपलांच्या ठशांवरून परत

मंडळी, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी बोलतेय, लेक टाइप करतेय.

आज सकाळी आम्ही शहराबाहेरच्या वाळवंटात, मुतलाच्या डोंगराकडच्या राखीव रानात गेलो. गेटवरच्या बांगलादेशी राखणदाराने बजावलं होतं, गाडीची वाट सोडू नका. पण थोडं आत पिवळ्या फुलांचं झुडूप दिसलं. खैतानमधल्या आमच्या घराच्या गॅलरीत लावायला एक फांदी हवी म्हणून मी सरळ चालत गेले. आपली खोडच ती!

फांदीला हात घालणार, तोच मागून राखणदार ओरडला, “दीदी, हिलना मत! इधर लड़ाई का माइन हो सकता है!”

जुन्या लढाईत पुरलेला सुरुंग! नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. लेक रडायला लागली.

“जिधर पैर रखा था, उधरही रखके वापस आओ.”

वाळूत माझ्या चपलांचे ठसे होते म्हणून बरं. एकेका ठशावर पाय ठेवत आले. जन्मात पहिल्यांदा मी घाई केली नाही.

गाडीत नवरा एवढंच म्हणाला, “गॅलरीत तुळस आहे ना? तेवढी बास.”

आता चहा पितेय. पायाची दहाही बोटं जागेवर आहेत. झुडूपही जागेवर आहे.

खरं सांगा, तुमच्या गॅलरीतली किती रोपं अशी न विचारता आणलेली आहेत?