अवघड जागी दुखणं आणि आमचे जावईबापू

आमच्या, म्हणजे बायकांच्या डॉक्टरांच्या, धंद्यात किस्से आपोआप साठतात. अडचण सांगण्याची आहे. बाकीच्या डॉक्टरांचे किस्से लग्नाच्या पंगतीतसुद्धा चालतात, आणि आमच्यातले निम्मे अशा जागेचे, की सुरुवात केली तर पंगतच उठेल! म्हणून ते मुरत राहतात, लोणच्यासारखे.

पेशंटची नावं अर्थात सांगणार नाही. मावशीचं लपवून मात्र उपयोग नाही, कारण मला मावशी एकच आहे.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात उन्हाळ्यातली दुपार म्हणजे निम्मी झोपच. ओले पडदे, कूलरचा घरघराट, लांबून कुठूनतरी मागाची खटखट. त्या वेळी आम्ही तिघंच जागे असतो: मी, शोभा सिस्टर आणि भूल देणारा प्रशांत. प्रशांत माझ्या मावसबहिणीचा, रेखाचा नवरा. म्हणजे करकंबच्या मावशीचा जावई.

परवाच्या उन्हाळ्यात मावशी रेखाकडे राहायला आली होती. एका दुपारी जावयाचा डबा घेऊन हॉस्पिटलात आली. प्रशांत डबा घेऊन आत गेला. मी म्हटलं, "मावशी, बस की."

"न्हाय गं. बरी हाय उभी."

समोर खुर्ची रिकामी असून बाई खिडकीला टेकून, एका पायावर भार देऊन उभी राहिली, की आमचं निम्मं निदान तिथंच होतं. कपाळाला हात लावला तर चटका बसला. आत नेऊन तपासलं. मायांगाच्या, म्हणजे योनीच्या, तोंडाशी दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते, ओलावा देणारी. तिचं तोंड बंद झालं, की पाणी साठून गाठ होते. गाठीत जंतू शिरले, की पू. मावशीची गाठ दोन वर्षांची जुनी, आता लिंबाएवढी, लालभडक झालेली.

आणि हे सगळं घेऊन ती चार दिवस एका डॉक्टरच्या घरात वावरत होती. प्रशांतला काहीच कसं कळलं नाही? तर लग्नापासून त्यानं सासूला कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं! जावई समोर असला, की मावशी डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी. काही विचारायचं झालं तर रेखामार्फत. उभ्या सासूत त्याला नवल काय वाटणार?

मी स्पष्ट सांगितलं, "पू काढावा लागेल. आणि तुझ्या वयात त्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवावाच लागतो. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण क्वचित वाईट निघतं. टाळून चालणार नाही."

"भूल कोण देतंय?"

"प्रशांत."

"मग ऱ्हाऊ दे. अवघड जागी दुखणं आन जावई डाक्टर. म्हण माज्यासाटीच केलीया."

ती हसली नाही. मी मात्र घाबरले होते. दोन वर्षं लपवलेली गाठ घेऊन ही उद्या करकंबची एसटी पकडेल, हे मला दिसत होतं. तिला खाटेवर कुशीवर झोपवलं, औषध सुरू केलं. रिकाम्या पोटाशिवाय भूल देता येत नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत वेळ होता. पडदे ओढले आणि हळू आवाजात किस्से सांगत बसले.

*

पहिला विडीवालीचा. आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसतात. हिला बसता येईना, तर हिनं सूप फ्रीजवर ठेवलं आणि उभ्यानं विड्या वळल्या! ताप चढला तेव्हा नवऱ्यानं रिक्षात घातलं. रिक्षातही ती गुडघ्यांवर बसून, मागच्या काचेकडे तोंड करून आली.

प्रशांतनं भूल दिली, मी पू काढला. दुखणं गेलं आणि बाई अशी गाढ झोपली की बघत राहावं. चेहरा शांत, आणि दोन्ही हातांची बोटं हवेत विड्या वळतायत. पान, तंबाखू, दोरा. सगळं बिनआवाजी. आम्ही कितीतरी वेळ बघत उभे होतो. मला तर तंबाखूचा वाससुद्धा आला.

डोळे उघडल्यावर तिनं रागानं विचारलं, "मेरा सूप कौन उठाया?"

मावशी उशीत तोंड घालून हसली. "झोपंत बी काम. बाईचा जल्म."

*

दुसरा सांगोल्याकडच्या शेळ्यावाल्या बाईचा. शेळीच्या कासेला गाठ आली, की ही कोरफड, हळद आणि चुना एकत्र कुटून लावायची. शेळी बरी व्हायची. म्हणून स्वतःच्या गाठीवरही तिनं तेच थापलं. चुना! तिथं!

आली तेव्हा कातडी सोलून निघाली होती. मी चिडले, "अहो, असं कुणी करतं का?"

"शेरडाला लागू पडतंय की."

आम्ही तिच्या गाठीत बारीक रबरी नळी बसवली, टोकाला चिमुकला फुगा असलेली. महिनाभर ती तिथं राहिली, की पाणी वाहून जायला कायमची वाट तयार होते. नाहीतर नुसती चीर मिटते आणि गाठ पुन्हा भरते. नळी काढायच्या दिवशी बाई कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं?"

"त्या शेरडाचा इचार करती. येवडी आग हुती ती, मुकं जनावर सांगंल कसं?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. तापाचं असेल.

*

तिसरा नातेपुत्याच्या सासू-सुनेचा. सून नवीन, गाठ बारीक, दुखत नव्हती. पण सासूच्या डोक्यात भलताच संशय. मी सांगितलं, "ग्रंथीचं तोंड बंद झालंय, एवढंच. ह्यात पोरीचा दोष नाही. अशा गाठीला काही करायचंही नाही. टबात कोमट पाणी घेऊन रोज बसू दे."

सासू उठेना. "येवड्या लांबनं आलो. येक सुई तरी मारा."

सुई मारली नाही. महिन्यानं दोघी पुन्हा आल्या. सुनेची गाठ जिरली होती, आणि सासूचा चेहरा उजळला होता. "डाक्टरीनबाई, मी बी बसती रोज. दुसरा टब आनला. लई बरं वाटतंय."

तेव्हापासून मला अधूनमधून त्यांच्या घरामागचं परडं दिसतं. संध्याकाळचं ऊन, शेवग्याची सावली, पाण्याच्या वाफा, आणि शेजारी शेजारी दोन टबांत सासू-सून. काय बोलत असतील? की काहीच बोलत नसतील?

मावशी पंख्याकडे बघत म्हणाली, "जावईबापू कुटं उबं ऱ्हात्यात?"

"डोक्याकडं. मध्ये पडदा असतो. त्यांना तुझं फक्त तोंड दिसतं."

"तोंड तरी कशाला बघायचं?"

ती तयार झाली होती!

*

आता खरा किस्सा.

ऑपरेशनची टोपी मावशीनं घातलीच नाही. अंगावर हिरवा गाऊन होता, पदर कुठला? तिनं शोभा सिस्टरकडून हिरवी चादर मागून घेतली, डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढली आणि एक हात तेवढा बाहेर काढला. प्रशांतनं त्या हाताला सुई लावली.

मी गाठ उघडली, पू वाहून गेला. आतला तुकडा बाटलीत घातला, आणि तोंड पुन्हा मिटू नये म्हणून कडा बाहेरच्या बाजूला शिवल्या. शेवटचे टाके चालू असताना पडद्यापलीकडून आवाज आला. लांबून, पाण्याखालून आल्यासारखा.

"जावईबापू."

प्रशांत दचकला. एवढ्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा थेट हाक मारली होती.

"काय मामी?"

"तुमी जेवताना मान वर करत न्हाय. कसं झालंय ते सांगत न्हाय. मी दाराआड उबी ऱ्हाती. लई वर्सं झाली. आमटी बरी असती का?"

माझा हात थांबला. प्रशांत नेहमी म्हणतो, भुलीतलं बोलणं भुलीतच राहतं, उठल्यावर पेशंटला काही आठवत नाही. तो तिच्यावर वाकला. चादर थोडी बाजूला केली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

"लई चांगली असते, मामी. मीठ तेवढं कमी पडतं."

"मग सांगायचं न्हवं का," मावशी म्हणाली आणि झोपली.

शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, काही आठवतंय का? म्हणाली, "काय न्हाय बया. नुसतं ढगातनं गेल्यावानी झालं."

आठवड्यानं ती तपासायला आली. जखम छान भरत होती. तुकड्याचा रिपोर्ट मी हातात धरला होता. चांगला होता, काही वाईट निघालं नव्हतं. मी वाचून दाखवला. मावशी म्हणाली "बरं झालं," आणि पिशवीतून डबा काढला.

"जावईबापूंना दे. जेवून घ्या म्हनावं."

प्रशांतनं डबा उघडला. आमटीत भाकरी कुस्करली आणि पहिला घास तोंडात घातला. तो घास त्यानं सावकाश चावला. या वेळी मीठ नीट पडलं होतं. मग मान वर करून दाराकडे बघितलं.

दाराआड बांगड्या वाजल्या.