पादुकांवरून गेलेली रोपं

त्या वर्षी माझा देवावर राग होता, आणि नदीवर त्याहून जास्त. कोल्हापुरात मी एम.एस्सी.साठी वनस्पतिशास्त्र शिकत होते. प्रबंधासाठी नृसिंहवाडीच्या वरच्या अंगाला, मामाच्या शेताकडेला, कृष्णाकाठी करंज, वाळुंज आणि जांभळाची रोपं लावली होती. त्या काठावर कुठली जात तग धरते, हे मला पाहायचं होतं. वर्षभर जिवापाड जपली आणि एका पुरात सगळी गेली. प्रबंध नाही तर पदवी नाही.

आणि त्याच पुराचं आईला कोण कौतुक! पाणी वाडीच्या देवळात शिरलं, की दत्तमहाराजांच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्यात अंघोळ करायला माणसं लांबून धावत येतात. "दक्षिणद्वार झालंय, चल," म्हणत आईनं मला ओढतच नेलं. मी धुसफुसत पाण्यात उतरले. ज्या पाण्यानं माझं वाटोळं केलं, त्यालाच हात जोडायचे?

गर्दीच्या रेट्यात माझा पाय निसटला. हातपाय झाडू लागले तशी आणखीच कलंडले. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा दंड घट्ट धरला आणि त्या ओरडल्या, "अंग सोड की पोरी! पाण्याशी भांडतीस व्हय?"

मी अंग सैल सोडलं. पाय आपसूक फरशीला टेकले. तेव्हा कुठं ध्यानात आलं, की हे पाणी माझ्या काठावरूनच आलंय. मी महाराजांना कधी साधं फूल वाहिलं नव्हतं, आणि माझी रोपं मात्र परस्पर पादुकांवरून गेली होती. मला रडूच फुटलं. वळून पाहिलं तर त्या बाई गर्दीत कुठं दिसेनात.

पूर ओसरल्यावर मी काठावर गेले. गाळातून भलतेच कोंब वर आले होते. तण समजून उपटायला वाकले, पण हात चालेना. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन केला, "सर, यातलं मी काहीच लावलेलं नाही." ते म्हणाले, "मग पुरानं काय लावलंय ते बघ की. त्यावरच लिही."

त्यावरच लिहिलं. बी कुठून आलं, कसं रुजलं, त्याचं शास्त्र प्रबंधात आहे आणि ते खरंच आहे. पदवी मिळाली तरी माझा जीव पूर्वीसारखाच उतावीळ; अजून सगळं माझ्याच हातानं व्हावंसं वाटतं. पण परवा आईला तो काठ दाखवायला नेलं. झाडं आमच्या डोक्याच्या वर गेली होती. ती कौतुकानं म्हणाली, "ह्यातलं तुझ्या हातचं कुठलं गं?"

"एकही नाही," मी म्हणाले, आणि तिनं न सांगता माझे हात जोडले गेले.