आवाज अजून लिहिलाच नव्हता

भुताखेताच्या गोष्टी सांगणारे लोक मले पहिल्यापासून आवडत नाहीत. बडनेऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर मी एकोणतीस वर्षं ड्युटी केली. रुळावर कटलेली माणसं या हातांनी उचलली, त्यातलं एकही परत भेटायले आलं नाही. तरी हे लिहून राहिलो. आधी वाचा, मंग हसा.

माही बायको विमल मागच्या साली वारली. ती विहारातल्या बायांसंग गाणी म्हणायची. सरावाची गाणी भरून ठेवायले माह्या भाचीनं, सुषमानं, तिले एक म्युझिक प्लेअर दिला होता. काडेपेटीएवढा. त्याच्यात आवाज भरता येते, पण ऐकायचं तर कानात वायर घालावी लागते — त्याले स्पीकर नाही. हे ध्यानात ठेवा.

विमल गेल्यावर तीन महिने मी त्याले हात लावला नाही. मंग एक दिवस चार्जिंगले लावला, तर पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं अन् तिथंच अटकलं. राजापेठेतला दुकानदार म्हणे, "काका, फेका याले. नवा घ्या, ब्लूटूथवाला."

म्या म्हटलं, "नव्यात माही बायको भरून देतं का?"

प्लेअर खिशात घालून घरी आलो.

तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता... फोटो आहेत, पण फोटो बोलत नाहीत.

सुषमा अकोल्याले राहते. चाळिशीची आहे, कॉम्प्युटरची नोकरी. जगभरचे लोक मिळून अशा प्लेअरसाठी एक सिस्टीम लिहितात — फुकट, अन् आतलं सगळं उघडं, कोणीही पाहावं, सुधरवावं. तिले त्याचा नाद. पण आमच्या मॉडेलवर ती सिस्टीम कोणी बसवलीच नव्हती. सुषमा चार महिने त्याच्या मागं लागली. आधी पडद्याचा भाग लिहिला, मंग बटणांचा.

"आवाजाचा भाग सगळ्यात शेवटी, मामा. तो मी अजून लिहिलाच नाही. आधी मामीची गाणी बाहेर काढू."

अडचण अशी, की जुनी सिस्टीम अन् विमलची गाणी एकाच मेमरीत, शेजारी-शेजारी. जुनीच्या जागेवर नवी लिहायची. ती चालली तरच गाणी कॉपी होतील. जागा चुकली तर गाण्यांवरून नांगर.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिच्या घरी होतो. कूलरच्या घरघरीत मले ऐकू येत नाही, म्हणून अकोल्याच्या त्या उन्हातही सुषमानं कूलर बंद केला. खोली एकदम चिडीचूप.

"प्लेअरचं हे बटण दाबून धरा. दाबून हाये तोवरच मशीन पुढं जाईन. मी म्हटल्याशिवाय सोडू नका."

"तू म्हटल्याशिवाय सोडत नाही."

"हे काय मामा, पोपटासारखं!" ती हसली.

फाटकावरची सवय. फोनवर स्टेशनमास्तरचा हुकूम आला की तो जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा, अन् त्यानं मोकळं केल्याशिवाय जागचं हलायचं नाही. म्या हे एकदाही मोडलं नाही.

बटण दाबलं. अंगठा घामानं निसटून राहिला होता. सुषमा लॅपटॉपवरचं मोठ्यानं वाचून राहिली होती — "आता जुनं मिटवणं सुरू होते, मामा... आता..."

अन् माह्या मुठीतून आवाज आला.

"अवो, थांबा! मधात कोनी हाये!"

विमलचा. मी फाटक पाडायले लागलो अन् एखादं माणूस आत राहिलं, की क्वार्टरच्या ओट्यावरून ती अशीच ओरडायची. कानातली वायर तर टेबलावर वेगळी पडली होती.

म्या अंगठा काढला. जिंदगीत पहिल्यांदा, हुकमाशिवाय.

मले वाटलं, सुषमा आता चिडन. पण ती पांढरीफटक पडली होती. आपलंच लिहिलेलं वरतून वाचू लागली, अन् एका आकड्यावर तिचं बोट थांबलं.

"मामा... हा जागेचा आकडा दुसऱ्या मॉडेलचा हाये. मी तिकडूनच उतरवला. याच्यानं गाणीच मिटली असती."

"मिटली का?"

"नाही. सुरूच नाही झालं."

तिनं आकडा बदलला, तीनदा तपासला, मले तीनदा म्हणायले लावला. संध्याकाळपर्यंत चौदा गाणी लॅपटॉपवर आली. म्या सगळी ऐकली, मधातलं खोकणं, हसणं, ढोलकीवाल्याले झापणं, सगळं. ते वाक्य कुठंच नाही.

सुषमाले तेव्हा विचारलं नाही. वाटलं, म्हातारं चळलं म्हणन. पावसाळ्यात तिनं आवाजाचा भागही लिहिला, अन् प्लेअर घेऊन घरी आली. चहा पिताना विचारलं, "त्या दिवशी तुले काही ऐकू आलं का वं?"

तिनं कप खाली ठेवला.

"आलं. मामी म्हणल्या, 'बेबी, हात नको लावू, पोळन.'"

लहानपणी सुट्टीत ती आमच्याकडं यायची, चुलीपाशी गेली की विमल तिले असंच म्हणायची.

"अन् मधात कोनी हाये, ते?" म्या म्हटलं.

"मधात कोण, मामा?"

एका खोलीत, एकाच टायमाले, एका बाईनं दोघाले दोन येगळ्या गोष्टी सांगितल्या. कशा, ते एवढी शिकलेली सुषमा सांगू शकत नाही, अन् मी तर नाहीच. चहा थंडा झाला होता, तो तसाच पेलो.